चिंगी आता कुठं असेल रे

अक्का, काल तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली, आणि आज सकाळी मी दुकान उघडलं. उघडलं म्हणजे काय, फळ्या काढल्या आणि गादीवर बसून राहिलो. एका गिऱ्हाइकानं कापूर मागितला, मी त्याला उदबत्तीचा पुडा दिला. तो बिचारा तोच घेऊन गेला. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे की दत्तूची अक्का गेली.

दमलोय गं मी. लोक विचारतात, रडलास का, रडून मोकळा हो. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो, हे त्यांना कोण सांगणार. तू असतीस तर म्हणाली असतीस, "उगीच तोंड पाडून बसू नकोस, आधी चार घास खा." जेवलोय. शेजारच्या नीलव्वानं भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती. ती काल आली होती. काल येऊन जे काही बोलून गेली, त्यापायी आज हे लिहायला बसलोय. नाहीतर हिशेबाच्या वहीपलीकडं मी कधी पेन धरलंय का?

तुझ्याशी मी दोनदा मोठं खोटं बोललो अक्का. बारीकसारीक सोडून दे, ती तुला माझं तोंड बघूनच कळायची. ही दोन चिंगीबद्दलची. आज दोन्ही सांगून टाकतो. ऐकायला तू नाहीस, म्हणूनच धीर होतोय, आणि याची लाज वाटते.

तुला आठवतं, कलघटगीहून तू परत आलीस ते वर्ष? भाऊजी गेले, सासरच्यांनी महिनाभरात गाठोडं बांधून तुला बसमध्ये बसवलं. तीस वर्षांची होतीस. घरात आलीस, परसातल्या खोलीत बसलीस, आणि पाच महिने बोललीच नाहीस. अप्पा रोज संध्याकाळी दुकानातून जाताना तुझ्यासाठी शेवंतीचा गजरा न्यायचे, मग दारात त्यांच्या ध्यानात यायचं, आणि तो गजरा देवाला जायचा. तू फक्त काम करायचीस. दुकानाचं मागचं काम. समईच्या वाती वळायच्या, दर्भाच्या जुड्या बांधायच्या, आणि मुंजीच्या जानव्यात अजिनाचा तुकडा ओवायचा. हरणाच्या कातड्याची चार बोटं लांब पट्टी, तिला दोन भोकं, त्यातून जानवं. अप्पांच्या वडिलांपासून आपल्या दुकानाचं अजिन हुबळीत नावाजलेलं. धारवाडचे भटजीसुद्धा यजमानांना आपल्याकडंच पाठवायचे. मी पुढं कातडं कापायचो, तू मागं ओवायचीस. त्या पाच महिन्यांत आपलं बोलणं म्हणजे मी पट्ट्या ठेवायचो आणि तू उचलायचीस, एवढंच.

मी बावीस वर्षांचा. मला काही सुचायचं नाही. एकदा बत्तासे आणले, एकदा रेडिओ दुरुस्त करून आणला. तू बघितलंससुद्धा नाहीस.

मग गदगच्या बाजूला एका खेड्यात मुंजीचं सामान पोचवायला गेलो होतो. परत येताना बसच्या फाट्यापर्यंत चालत निघालो. बांधाकडेच्या गवतात ते पाडस पडलेलं. मान लांब करून जमिनीला चिकटवलेली, हलत नाही, डुलत नाही. मेलंय असं वाटलं. जवळ गेलो तर डोळे उघडे, टपोरे, काजळ घातल्यासारखे. हात लावला तरी पळेना. म्हटलं, पोरकं आहे, आई कुणीतरी मारली असणार. शेजारच्या रानात एक म्हातारा हरभरा उपटत होता. तो ओरडला, "बिडरी, अदर अव्वा बर्तैति!" सोडा त्याला, त्याची आई येईल. या जातीची आई पोराला असंच गवतात लपवून चरायला जाते, पोरानं हलायचं नाही असं त्यांचं असतं, हे त्यानं मला नीट समजावूनसुद्धा सांगितलं. आणि मी शहाणा. आपण बाजारातली माणसं, हरणाचं कातडं बोटांनी ओळखणारी, तीन पिढ्या त्यावर जेवलेली, पण जिवंत हरीण कसं वागतं हे काडीचं ठाऊक नाही. मी त्या म्हाताऱ्याला हो हो म्हटलं आणि तो वळल्यावर पाडस पिशवीत घातलं.

घरी आल्यावर तुला म्हणालो, "अक्का, हिची आई मेली. माझ्या डोळ्यांदेखत बंदुकीनं मारली." हे पहिलं खोटं. त्यात अजून एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगतो. सांगायची म्हणून तर बसलोय.

तू पिशवीत डोकावलीस. ते पाडस तुझ्या तोंडासमोर शिंकलं. फुर्रकन. आणि तू म्हणालीस, "अगं बाई, ही शिंकते रे!" आणि हसलीस. पाच महिन्यांनी. अप्पा सोवळ्यातच बाहेर धावत आले. मला वाटलं, जिंकलो.

नीलव्वाच्या शेळीचं दूध आणि दुकानातली समईची वात. वात दुधात बुडवून तू तिला चोखायला द्यायचीस. दर दोन तासांनी. घरात तुझा आवाज सुरू झाला. "दत्तू, ऊन सरकलंय, गोणपाट हलव." "अप्पा, तिच्या अंगावरून सोवळं वाळत घालू नका." बाजार तिला चिगरी म्हणायचा. हुबळीत सगळी हरणं चिगरीच. ही काळवीट नाही, चिंकारा आहे, हे शाळेच्या मास्तरांनी येऊन सांगितलं. लहानखुरी जात, मादीलासुद्धा काड्यांसारखी शिंगं येतात म्हणाले. तू तोवर तिचं चिंगी करून टाकलं होतंस.

काय काय खाल्लं तिनं आपलं! शेवंतीचे हार, दर्भाच्या जुड्या, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेसाठी बांधून ठेवलेलं आंब्याच्या पानांचं तोरण. अप्पा चिडले की तू म्हणायचीस, "देवाचंच खाल्लं ना, बाहेरचं नाही खाल्लं." पाणी मात्र जेमतेम तोंड लावण्यापुरतं. पोस्टमन आला की पुढचा पाय आपटायची आणि शिंकायची. भीती वाटली की ही जात तसंच करते. शेपटी सारखी हलत असायची, काळी, बोटभर. एकदा न्हाणीतल्या तापलेल्या बंबाला घासली आणि कूस भाजली. तू चुन्याची निवळी आणि खोबरेल लावत चार दिवस तिच्याजवळ बसलीस. तिथं मग पांढरे केस उगवले, आठाण्याच्या नाण्याएवढा डाग.

आणि तेव्हापासून तुझं-माझं भांडण सुरू झालं. एका मांडीवर चिंगीचं डोकं, आणि दुसऱ्या मांडीवर अजिनाच्या पट्ट्या. एक दिवस पट्ट्या खाली ठेवून म्हणालीस, "दत्तू, हे विकणं बंद करूया."

"मुंज व्हायची कशी मग?"

"दर्भ बांधतील. कापडाची पट्टी बांधतील. आठ वर्षांच्या बटूला काय कळतंय रे?"

"शास्त्र आहे अक्का ते."

"शास्त्र आहे तर मग हिच्या डोळ्यांत बघून सांग."

मी चिडलो. म्हणालो, धंद्यातलं तुला काय कळतं. तूही काही कमी नव्हतीस, म्हणालीस, "तुला तरी काय कळतं, अप्पांनी दिलेल्या कात्रीनं कापतोस तेवढंच." दोन दिवस अबोला. मग तू परत ओवायला बसलीस, कारण घर त्यावर चालत होतं आणि त्या घरात तू दोन वेळा जेवत होतीस. हे तू बोलली नाहीस, पण मला दिसत होतं. हे भांडण आपण पुढं किती वर्षं भांडलो! जिंकलं कुणीच नाही.

दोन वर्षांनी ती मोठी झाली. एकदा दार उघडं राहिलं आणि बाजारात पळाली, कुत्री मागं लागली. भांड्यांच्या दुकानात घुसली म्हणून वाचली. त्यातच कायदा आलेला. हरीण घरात ठेवणं गुन्हा, कातडं विकणं गुन्हा, असं कुणी कुणी येऊन अप्पांच्या कानात घालायचं. अप्पांनी हाय खाल्ली. आणि तूच म्हणालीस, "तिला तिच्या माणसांत सोडून ये. आई नाही म्हणून ठेवली होती. आई असती तर एक दिवस ठेवली नसती."

तुझं हे बोलणं मला आजही जेवताना आठवतं.

तू आली नाहीस. म्हणालीस, मी आले तर ती जाणार नाही. भिजवलेले हरभरे पुरचुंडीत बांधून दिलेस, तुझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या काढून दिल्यास, पायाला दोरी नको, काचेल म्हणून. टेम्पोत मी तिचे पाय बांधले, डोळ्यांवर गोणपाट टाकलं. अमरगोळच्या बाजूनं माल घेऊन गदगकडं निघालेला टेम्पो, ड्रायव्हर आपल्या ओळखीचा. वाटेत ती धडपडली, मग शांत झाली. मला वाटलं, झोपली. अण्णिगेरीच्या पुढं गाडी थांबवून गोणपाट काढलं तर ती मेलेली होती. कुठं जखम नाही, रक्त नाही. नुसत्या धसक्यानं.

अक्का, त्या रस्त्याकडेला मी किती वेळ बसलो मला माहीत नाही. आणि तुला काय सांगू, भूक लागली. त्या पुरचुंडीतले हरभरे मी खाल्ले.

पुढचं सांगायला जीभ वळत नाही, हात वळतोय तोवर लिहितो. मुंजींचा हंगाम तोंडावर होता. दुकानात अजिनाचा एक तुकडा शिल्लक नव्हता. कायद्याच्या भीतीनं कातड्यांचे गठ्ठे यायचे बंद झाले होते, आणि रोज चार माणसं विचारत यायची. ड्रायव्हर म्हणाला, पुरून तरी काय करणार मालक. त्याच्या ओळखीचा कातडं कमावणारा होता. मी नाही म्हटलं नाही. एवढंच माझ्या हातून झालं, मी नाही म्हटलं नाही.

घरी आलो तेव्हा तू उंबऱ्यातच होतीस.

"सोडलीस?"

"सोडली."

"मागं वळून बघितलं तिनं?"

"बघितलं."

"मग?"

"मग पळाली. टेकडी चढून गेली."

तू पदरात तोंड घालून रडलीस, आणि रडता रडता म्हणालीस, बरं झालं. हे दुसरं खोटं.

महिन्यानं कातडं आलं. तो पांढरा डाग मी कापून काढला आणि नाल्यात टाकून आलो. मोठा हुशार. चार बोटांच्या पट्टीत कुणाला काय ओळखू येणार? पट्ट्या कापून नेहमीसारख्या तुझ्यापुढं ठेवल्या. तू एक उचललीस. तिच्यावरून अंगठा फिरवलास, केसांच्या ओढीनं, मग उलटा. पुन्हा एकदा. मी दारात उभा. मग पट्टी खाली ठेवून तू म्हणालीस, "दत्तू, माझी नजर गेली रे. भोक दिसत नाही. उद्यापासून तूच ओव."

आणि मी बैल! मला बरं वाटलं. मी सुटलो असं वाटलं. पुढच्याच आठवड्यात तुला धारवाडला नेऊन चष्मा करवला. तू मुकाट्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसलीस आणि अक्षरं चुकीची वाचलीस. तो चष्मा तू जन्मभर कपाळावर ठेवलास. तांदळातले खडे वेचायचीस तेव्हाही तो कपाळावरच. मी हसायचो, "अक्का, चष्मा डोळ्यांसाठी असतो." तू म्हणायचीस, "असू दे, तिथं बरा दिसतो."

पुढं दरवर्षी वैशाख लागला, दुकानात मुंजीवाल्यांची गर्दी झाली, की तू एकदा तरी विचारायचीस, "चिंगी आता कुठं असेल रे?" मी सांगायचो. सुरुवातीला अडखळत, मग सफाईनं. त्या बाजूचा एक शेतकरी भेटला, म्हणाला टेकडीवर कुशीला पांढरा डाग असलेली एक मादी दिसते. पुढच्या वर्षी तिला पाडस झालं. मग दोन. दुष्काळ पडला त्या वर्षी तू म्हणालीस, "पाण्याचं काय करत असेल?" मी म्हणालो, "त्यांना पाणी लागत नाही गं, दवावर भागतं." तू म्हणालीस, "होय की, आपल्याकडं तरी कुठं प्यायची." माझं लग्न झालं, अप्पा गेले, अजिन पार मिळेनासं झालं आणि भटजी आपोआप दर्भावर आले. मुंजी काही थांबल्या नाहीत. तू म्हणत होतीस तसंच झालं, आणि तसं मी एकदाही कबूल केलं नाही. पण चिंगीची गोष्ट मात्र दरवर्षी वाढत गेली. मी तिला आजी करून टाकली. तू ऐकताना तोंडभर हसायचीस, आणि मला वाटायचं, जाऊ दे, या खोट्यानं कुणाचं काय बिघडतं.

दवाखान्यात त्या दुपारी तू पुन्हा विचारलंस. मी अकरा दिवस त्या स्टुलावर बसून होतो. पाठ धरलेली, डॉक्टर काही नीट सांगत नव्हते, औषधाची चिठ्ठी घेऊन तिसऱ्यांदा खाली जाऊन आलो होतो. तू हळूच म्हणालीस, "दत्तू, चिंगी आता कुठं असेल रे? सांग की." आणि मी खेकसलो. "पुरे की अक्का आता. कधीच मेली असेल ती."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "हं. दमलास."

त्यानंतर तू बोलली नाहीस. मला वाटलं होतं, दमलास म्हणजे जागून दमलास.

काल नीलव्वा आली ती तिची कौदी घेऊन. तुम्ही दोघी तिच्या कट्ट्यावर बसून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायचात, ती. अर्धी राहिली म्हणाली, आता कोण पुरी करणार. मी म्हटलं, तू कर की. तर म्हणाली, "ननग काणंगिल्लप्पा." मला दिसत नाही बाबा, सुईत दोरा अक्काच ओवून द्यायची. मी म्हटलं, अक्काला कुठं दिसत होतं? नीलव्वा म्हणाली, मागच्या महिन्यापर्यंत दिवसाला दहा सुया ओवून ठेवायची ती, चष्मा न लावता. मग स्वतःशीच मान हलवून म्हणाली, आता ती नाही, तिनं घातलेली शपथही नाही, सांगते. त्या दिवशी अक्का माझ्याकडं येऊन बसली होती. म्हणाली, दत्तूनं चिंगीच्याच कातड्याच्या पट्ट्या माझ्यापुढं ठेवल्या नीलव्वा, तिचं अंग मला ठाऊक नाही होय? पण त्याला कळू देऊ नकोस. तोंड दाखवायला लाजेल, घर सोडून जाईल पोरगा.

अय्यो अक्का!

म्हणजे तू सगळं माहीत असून विचारत होतीस. दरवर्षी. ती टेकडी, ती पाडसं, ते दव, सगळं खोटं आहे हे माहीत असून हसत होतीस. कालपासून मी हाच विचार करतोय की तू मला शिक्षा करत होतीस, की मला सांगायची संधी देत होतीस, की तुलाच ती गोष्ट हवी होती. एकदा वाटतं, तुझ्यावर चिडावं. एवढी वर्षं मला खुळा केलंस! एक थोबाडीत मारली असतीस तर दोघंही सुटलो असतो. मग वाटतं, मारली असतीस तर मी खरंच गेलो असतो निघून. तुला मी बरोबर ठाऊक होतो. उपकार म्हणू तर तू चिडशील, पण दुसरा शब्द मला येत नाही.

आता ते पहिलं खोटं. आई मारली गेली असं मी म्हणालो होतो, आणि ते मात्र तुला शेवटपर्यंत खरं वाटत होतं. वाटत होतं म्हणूनच तू तिला मांडीवर घेतलंस आणि परत माणसांत आलीस. त्यामुळं मला धड पश्चात्तापही करता येत नाही बघ. तू हसलेली मला हवी होती, आणि तू हसलीस. पण तूच म्हणाली होतीस, आई असती तर एक दिवस ठेवली नसती. म्हणून सांगतो. यापुढं मला कुणी विचारणार नाही, आणि विचारणारं कुणी नसलं की माणूस खोट्यालाच खरं मानून बसतो.

तिची आई होती अक्का. मी बघितली. फाट्यावर पिशवी घेऊन उभा होतो, तो बांध तिथून हाकेवरच, तर पलीकडच्या माळावरून ती आली. एकटीच. जिथून मी पाडस उचललं तिथं गेली, गवत हुंगलं, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुढचा पाय आपटला. शिंकली. मला स्पष्ट ऐकू आलं. पिशवीत चिंगी हलली, आणि मी पिशवीचं तोंड आवळून धरलं. सोडायला पुरेसा वेळ होता. बस अजून लांब होती, नुसती धूळ दिसत होती. बस आली, मी चढलो, खिडकीशी बसलो, पिशवी मांडीवर. बस सुटली तरी ती तिथंच उभी होती.